झोळीवाला डॉक्टर

आमच्या डॉक्टरांच्या खोलीत मुलं तपासायचं टेबल होतं, पण त्यावर एकाही मुलाला कधी जागा मिळाली नाही. त्यावर जुनी वर्तमानपत्रं, दोन छत्र्या, कोणीतरी विसरून गेलेलं टोपडं आणि डॉक्टरांचा डबा असायचा. मुलं तपासली जायची झोळीत. छताच्या कडीला एक जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी बांधलेली होती. तिच्यात लेकरू घालायचं, आईने हलका झोका द्यायचा, आणि डॉक्टर कानात नळ्या घालून झोक्याबरोबर पुढेमागे होत छाती ऐकायचे. पहिल्यांदा येणारा माणूस दारातून हे बघायचा आणि काढलेल्या चपला पुन्हा पायात घालायला लागायचा.

मी धुळ्याच्या एका शिस्तशीर हॉस्पिटलातून आलेली नर्स. माहेर मिरचीच्या रनाळ्याचं, म्हणजे तोंड मूळचंच तिखट. पहिल्या दिवशी मी ते टेबल रिकामं केलं, पुसलं, वर पांढरी चादर अंथरली. डॉक्टर आले आणि भलतेच खूश झाले. "वा सिस्टर, डबा ठेवाले काय भारी जागा करी दिनी तुम्ही!" म्हणाले, चादरीवर डबा ठेवला आणि झोळीकडे वळले. त्या दिवशीच मी ठरवलं की महिनाभरात ही नोकरी सोडायची. पुढे सहा वर्षं सोडली नाही.

त्यांचं म्हणणं असं, की टेबलावर ठेवलं की लेकराला वाटतं आपल्यावर खटला भरलाय, आणि खटल्यात उभं केलेलं हृदय खरं बोलत नाही. झोळीत ते आपल्या घरी असतं. तपासायच्या आधी प्रत्येक आईला पहिला प्रश्न एकच: "माय, हाई लेकरू कसं झोपस?" ताप किती, खोकला कधीपासून, हे सगळं नंतर. आया सांगायच्या. पालथं झोपतं, माझ्या पोटावर झोपतं, आज्याचा अंगठा धरून झोपतं, शेळीला टेकून झोपतं. डॉक्टर सगळं वहीत लिहून घ्यायचे. शेळीसुद्धा.

हे गृहस्थ मूळचे मिरचीच्या घरातले. पणजोबा राजस्थानातून आले आणि नंदुरबारात मिरचीचा व्यापार मांडला. आजोबा मिरची, वडील मिरची, दोघे भाऊ मिरची. आणि हे एकटेच असे निघाले, की मिरचीचं पोतं गल्लीच्या टोकाला दिसलं तरी इकडे शिंका सुरू. वडील म्हणायचे, "आमच्या घरात मिरचीला शिंकणारा जन्मला तेव्हाच कळलं, याला शिकवावं लागणार. दुसरा काही उपयोग नाही." म्हणून त्यांना शिकवलं. ते शहरात जाऊन मुलांच्या हृदयाचे डॉक्टर झाले, तिथे चांगली नोकरी लागली, आणि दोन वर्षांत इको मशीन घेऊन परत नंदुरबारला हजर. इको म्हणजे छातीवर एक दांडा फिरवला की हृदय चालताना पडद्यावर दिसतं, ते यंत्र.

त्या यंत्राचं नाव त्यांनी 'काकी' ठेवलं होतं. "काकी आज रुसल्या", "काकींना गरम होतंय, पंखा इकडे फिरवा." का काकी, असं विचारलं तर म्हणायचे की यांच्यापासून आतलं काही लपत नाही आणि दिसलेलं यांच्या पोटात राहत नाही. एकदा त्यांची खरीखुरी काकी नातवाला घेऊन आली आणि नेमकं त्याच क्षणी आतून डॉक्टर ओरडले, "सिस्टर, काकींना जरा दोन थपडा मारा, चालू होतील!" मी त्या बाईंकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. नातू तपासायचा राहिला. डॉक्टर संध्याकाळी मिठाई घेऊन माफी मागायला गेले.

घरी ते मारवाडी बोलायचे, पेशंटांशी फक्कड अहिराणी, माझ्याशी अहिराणी आणि साध्या मराठीची खिचडी. पुस्तकी मराठी दोनच ठिकाणी: सरकारी पत्रांत, आणि माझ्यावर रागावले की. "सिस्टर, आपण कृपया..." अशी सुरुवात झाली की मी हातातलं काम खाली ठेवून उभी राहायची.

बाहेर लोक नंबर लावून बसायचे तिथे भिंतीवर शाळेसारखा काळा फळा होता. वर रंगाने कायमचं लिहिलेलं: 'माझ्या चुका'. खाली रोज खडूने. 'सोमवार. कानात चणा होता, मी कान फुटला म्हणालो.' 'बुधवार. मुलगा समजून बोलत होतो, मुलगी निघाली.' मी म्हटलं, "सर, लोक वाचून पळून जातील." पळून कसले जातात! एक आजोबा तर कोणी आजारी नसतानाही रोज सकाळी यायचे, फळा मोठ्याने वाचायचे, चूक नसली तर हिरमुसून घरी जायचे.

आणखी एक खोड बोटांची. तपासलेल्या प्रत्येक मुलाच्या हृदयाचा ताल त्यांच्या बोटांत राहायचा. चहा पिताना, फोनवर बोलताना बोटं कुठेतरी ठक-ठक करत असायची आणि मध्येच म्हणायचे, "हाऊ तो शेळीवाला." एका लग्नात वाजंत्र्याजवळ जाऊन त्याला सांगितलं, की तुझा ताल बरोबर आहे, पण चौथ्या ठोक्याला तुझ्या संबळाला धाप लागते. वाजंत्रीवाल्याने त्यांना वाटेला लावलं, हे सांगायला नको.

आता जमनाचं सांगते. ते सांगायचं म्हणूनच हे सगळं.

मिरचीचा हंगाम ऐन भरात होता. गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मोकळ्या मैदानांवर, नजर जाईल तिथवर लाल. शेकडो बाया दिवसभर बसून देठ खुडतात, लेकरं सोबतच असतात. त्या दिवसांत नंदुरबारात खोकला आला की कोणी डॉक्टरला विचारत नाही. ठसका, मिरचीचा. दोन दिवस पथारीपासून लांब ठेवलं की बरं होतं, आणि खरंच होतं.

त्या सकाळी एका बाळाने झोळीत सगळंच उरकलं. एरवी मी झोळी शनिवारी संध्याकाळी धुवायची. त्या दिवशी मधल्या वारी उतरवली, धुतली आणि गच्चीवर वाळत घातली. अर्ध्या तासाने जमनाची आई आली. पथारीवर देठ खुडणारी, विशी-बाविशीची पोर. कडेवर जमना, साडेतीन वर्षांची. खोकला, धाप, चेहरा थोडा सुजरा.

"माय, हाई कशी झोपस?"

"आडी पडनी का घाबरी व्हस, डॉक्टर. मन्हा खांदावर बठीसन झोपस."

डॉक्टरांनी वर कडीकडे पाहिलं. कडी मोकळी. "झोळी?"

"वाळतेय सर. तासाभरात आणते."

बाहेर पंचवीस-तीस मुलं खोकत होती आणि प्रत्येकाच्या कपड्यातून मिरची आत येत होती. डॉक्टरांना लागोपाठ चार शिंका आल्या. त्यांनी जमनाला आईच्या मांडीवर बसलेलीच तपासलं, डोळे पुसत पुसत. "ठसका शे माय. पथारीवर नको नेऊ. दोन दिन घर ठेव." त्या आठवड्यात दर दुसऱ्या मुलाला त्यांनी हेच सांगितलं होतं, आणि दर वेळी ते बरोबर ठरले होते.

पाचव्या दिवशी दुपारी चहा घेत होतो. बोटं बशीवर चालू होती. अचानक थांबली. पुन्हा वाजवून पाहिली. "हाई कोनी शे, सिस्टर?"

मला काय माहीत! मी म्हटलं, तुमची बोटं, तुम्हीच ओळखा.

"पथारीवाली. ठसकावाली." पुन्हा वाजवलं. "ठसक्याच्या लेकराचं हृदय खोकताना पळतं आणि खोकला थांबला की शांत होतं. हिचं बसल्या जागी पळत होतं. तिची माय काय म्हणाली होती?"

"आडवी झाली की घाबरते."

त्यांनी कप माझ्या हातात दिला. "गाडी काढा."

जमनाची आई डॉक्टरांच्या वडिलांच्याच पथारीवर कामाला होती, आणि मिरचीच्या घरातला हा मुलगा शाळेत असताना शेवटचा तिथे गेला होता. माझ्या स्कूटीवर मागे बसले, नाकावर दोन रुमाल, वर माझा स्कार्फ. पथारीवर पाऊल टाकलं आणि शिंकांची माळ सुरू झाली. देठ खुडणाऱ्या बाया हसून लोळायच्या बाकी होत्या. "शेठना पोऱ्या उना व!" शेठचा पोरगा आला म्हणून एकीने दुसरीला हाक दिली, आणि ती हाक लाल मिरच्यांवरून पार टोकापर्यंत गेली.

जमना तिथेच होती. घरी ठेवायला घरी होतं कोण? तीन बांबूंना बांधलेल्या झोळीत ती बसलेली होती. झोळीत, आणि बसलेली! कापडाच्या कडेवर हनुवटी टेकून. मी आयुष्यात शेकडो लेकरं झोळीत पाहिली, पण असं बसून पेंगणारं लेकरू तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं.

डॉक्टरांनी हात वर केला. बाया गप्प झाल्या. नळ्या कानात घातल्या आणि मला खुणेने सांगितलं, नाक दाबा. मी त्यांचं नाक दाबलं. बसलेल्या जमनाची छाती ऐकली, मान हलवली: नुसतं पळणं. मग तिला अलगद आडवी केली, आणि आतला आवाज बदलला हे मला त्यांच्या भुवयांवरून कळलं. त्यांचा चेहरा समोरच्या मिरचीपेक्षा लाल झाला, पण त्यांनी श्वास सोडला नाही. बसवली. आडवी केली. बसवली. तिसऱ्यांदा आडवी करताच जमना कासावीस झाली, ओठ काळवंडले. त्यांनी चटकन उचलून तिला स्वतःच्या खांद्यावर उभी धरली, आणि मग जो श्वास सुटला तो अकरा शिंका घेऊन. मी मोजल्या. दर शिंकेला खांद्यावरची जमना गदागदा हलायची आणि खिदळायची. तिची धाप, तिचे ते ओठ, आणि वर हे खिदळणं. मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती.

मग ते जमनाच्या आईसमोर खाली मातीत बसले. बापाच्या पथारीवर, बापाच्या कामकरी बायांच्या देखत. "माय, मी चुकनू. हाऊ ठसका नही शे. हिना हृदयमा काहीतरी शे. आडी पडनी का ते वाटमा येस."

त्याच दुपारी काकींपुढे जमनाला बसवलं. डॉक्टर आईबापांना हृदय नेहमी घर काढून समजवायचे: वर दोन खोल्या, खाली दोन, मध्ये दारं. जमनाच्या वरच्या उजव्या खोलीत मोठ्या बोराएवढी गाठ दिसत होती. पोर बसली की ती भिंतीला राहायची, आडवी झाली की दारात यायची. घराभोवती पाणीही साचलेलं. जमनाच्या आईने पडद्यावर बोट ठेवलं, "हाई?" डॉक्टर म्हणाले, "हाई." ती कितीतरी वेळ ते चित्र बघत राहिली.

संध्याकाळी मी बाहेरच्या फळ्यावर लिहायला गेले: 'मी झोळी अवेळी धुतली.' अक्षरं नीट येत नव्हती, कारण मी रडत होते. मागून आवाज आला, "सिस्टर, आपण कृपया माझ्या फळ्यावर लिहू नये." त्यांनी माझं वाक्य पुसलं आणि खाली स्वतःचं लिहिलं: 'जमना. आईने सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.' दुसऱ्या दिवशी ते रोजचे आजोबा आले, वाचायला तोंड उघडलं आणि न वाचताच टोपी नीट करत बसले.

आता प्रश्न होता की ही गाठ कसली. डॉक्टरांनी मला समजावलं, की लहान मुलांच्या हृदयात गाठच मुळात क्वचित, आणि असली तरी बहुतेक गरीब स्वभावाची असते. एका जागी बसते, काही तर मूल मोठं होईल तशा आपोआप विरतात. खुनशी गाठ, म्हणजे कॅन्सरची, फारच दुर्मिळ. "मग ही गरीबच असेल," मी म्हटलं. त्यांनी गाठीचं माप वहीत लिहिलं. दोन दिवसांनी पुन्हा मोजली. वाढली होती. गरीब गाठ दोन दिवसांत वाढत नाही, एवढं मलाही कळत होतं.

त्यांनी शहरातल्या जुन्या मित्राला फोन लावला. मित्र म्हणाला, तुमच्या भागात हृदयाभोवती पाणी म्हणजे टीबी. टीबीचं औषध सुरू कर आणि महिन्याने बघ. इतकी दुर्मिळ गाठ नंदुरबारला कशी निघेल?

"का? तिला येताना पत्ता विचारून यायचं असतं का?" डॉक्टर असे ओरडले की बाहेरची दोन मुलं रडायला लागली. "आणि महिना कोणाकडे आहे? हिच्याकडे नाही!"

मग त्यांनी इकोवर बघत बघत सुईने हृदयाभोवतीचं पाणी काढलं. लालसर निघालं. ते सुरतेच्या एका जाणत्या पॅथॉलॉजिस्टकडे पोचवायचं होतं, त्याच दिवशी, थंड ठेवून. दवाखान्यात थंड ठेवायला काय होतं? चहाचा थर्मास. त्यात बर्फ, बर्फात बाटली, आणि तो थर्मास मांडीवर घेऊन मी सुरतेच्या गाडीत. नवापूर गेलं आणि समोरच्या काकांनी खिशातून कप काढला. "ताई, चहा शे का?"

"चहा नही शे काका. एका पोरना हृदयनं पानी शे."

काकांनी कप परत खिशात घातला. पुढे सुरतपर्यंत माझ्या बाकावर कोणी बसलं नाही. मी थर्मासला हात लावून जमनाला मनातल्या मनात म्हणत होते, थांब गं बाई, थोडी थांब.

तिसऱ्या दिवशी सुरतेहून फोन आला. डॉक्टर ऐकत होते, हूं-हूं करत होते. फोन ठेवला, म्हणाले, "कॅन्सर शे." आणि उठून नाचायला लागले. मी खोटं सांगत नाही. दोन्ही हात वर करून, झोळीला गोल फिरवत. मला वाटलं, याचं डोकं गेलं. माझ्याही डोक्यात सणक गेली. "सर, लाज वाटत नाही? पोरीला कॅन्सर आहे आणि तुम्ही नाचताय!"

"सिस्टर, ऐका तरी! ज्या खुनशी गाठी असतात ना हृदयात, त्यातल्या बहुतेक कापून निघत नाहीत आणि औषधाला जुमानत नाहीत. ही लिम्फोमा आहे. झपाट्याने वाढते, पण औषधाला झपाट्याने विरघळतेसुद्धा. सगळ्या वाईटांत आपल्या वाट्याला ही आली!" आणि पुन्हा नाचले. मग मीही रडत रडत दोन पावलं टाकली. दारात उभ्या असलेल्या केरवालीने दोघांकडे बघून कपाळाला हात लावला.

जमनाच्या आईला सांगताना मात्र ते नाचले नाहीत. सगळं सांगितलं, गाठीचं नावही लपवलं नाही. तिने एकच विचारलं, "मन्ही पोर वाची जाई ना?"

"माले म्हाईत नही, माय. पन हाई गाठ औषधले घाबरस."

ती म्हणाली, "मंग चाला."

दवाखान्याला कुलूप लावून डॉक्टर स्वतः त्यांना मुंबईला पोचवायला गेले. गाडीत जमना आडवी होऊ नये म्हणून सबंध प्रवास तिला खांद्यावर उभी धरून बसले. तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात तिला औषधं सुरू झाली. केस गेले, तोंड आलं, खाल्लेलं पोटात टिकेना. जमनाची आई मला फोन करायची आणि मी फोन डॉक्टरांना द्यायची. एकदा ती म्हणाली, आता बघवत नाही, मी पोर घरी आणते. डॉक्टरांनी समजूत घातली नाही, विनवणी केली नाही. नेहमीचंच विचारलं, "कशी झोपस?"

मग ती म्हणाली, "काल आडी झोपनी."

डॉक्टरांनी फोन माझ्याकडे दिला आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मीच तिला सांगितलं, "थांब माय. आते नको आनू. औषध चालू दे."

सात महिन्यांनी त्या दोघी परत आल्या. जमनाच्या डोक्यावर बोटभर केस, अंगात नवा फ्रॉक, तोंडाला जराही विश्रांती नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, गाठ गेली, पण काही वर्षं अधूनमधून बघत राहा. आमच्या डॉक्टरांनी तिला मशीनपुढे नेलं. ती आपण होऊन पाय पसरून आडवी झाली. त्यांनी दांडा छातीवर फिरवला. वरून, खालून, कुशीवर वळवून. बराच वेळ झाला. जमनाच्या आईचा पदर तिच्या मुठीत चुरगळून गेला होता, आणि मला वाटलं, आता हा माणूस बोलला नाही तर मी ओरडेन.

मग त्यांनी तो दांडा जमनाच्या आईच्या हातात दिला. "तू शोध, माय. माले नही सापडी ऱ्हायनी."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिचा हात धरून दांडा कसा टेकवायचा ते दाखवलं. तिला घर पाठ झालेलं होतं. आधी ती वरच्या उजव्या खोलीतच गेली. खोली उघडझाप करत होती, मोकळी. मग डावीकडे गेली, मग खाली, दोन्ही खोल्यांत, दारांत, घराभोवती. दांडा बरगडीवरून सरकला की जमनाला गुदगुल्या व्हायच्या आणि पडद्यावरचं सबंध घर हसून हलायचं.

"नही शे," ती म्हणाली.

"बराबर दख."

तिने पुन्हा चारही खोल्या पाहिल्या. बाहेर लोक नंबरासाठी हाका मारत होते. दारावर कोणीतरी टकटक केलं, मी उठले नाही. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायला तिचा हात मोकळा नव्हता.

"आखो एकदाव दखू का, डॉक्टर?"

"दख माय," डॉक्टर म्हणाले. "दिनभर दख."